मेंदीतली खिडकी

नदीकाठची वस्ती, ता. नेवासा
२४ ऑगस्ट २०२५

ती. गोरक्षनाथदादास,
पुष्पावतीचा नमस्कार.

फोनवर तुला माझं ऐकू येत नाही आणि मी ओरडले की सगळ्या वस्तीला ऐकू जातं, म्हणून हे पत्र. परवा मी म्हणत होते, "कुंपण वाढलंय." तू विचारलंस, "कोण वारलंय?" मग मी फोनच ठेवला.

तर कुंपणच वाढलंय. अंगदच्या वडिलांनी लावलेल्या मेंदीला त्यांच्या माघारी कुणी नीट हात लावला नाही. रस्त्याकडच्या फांद्या इतक्या बाहेर आल्यात की ट्रॅक्टरवाले जाता-येता शिव्या देतात. मोठी कात्री घेऊन बसले तर खांदा धरला. गड्याला सांगावं तर तो बुडख्यापर्यंत बोडकं करून ठेवतो. अंगद पुण्याहून येतो तो दोन घास खाऊन परत जातो. तू त्या धरणाजवळच्या रिसॉर्टच्या बागेत जन्मभर हेच केलंस. बॅटरीवर चालणारा कटर असतो म्हणतात, तो मला या वयात जमेल का?

आप्पासाहेब भाऊजींच्या आणि आमच्या अंगणामधली मेंदी मात्र मी वाढूच देणार आहे. ती माझ्या डोक्यावर गेलीय ते बरंच आहे. पलीकडं साळूबाई. अंगदच्या लग्नात मानाचं पातळ हलकं दिलं म्हणून माझी ही जाऊ न जेवता उठून गेली, तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

आणि दादा, पलीकडं काहीतरी चाललंय. भाऊजी शेतावर जाताना दिसत नाहीत. साळूबाई बाहेर निघाली की फाटकाला कुलूप घालते. शिंगणापूर इथून हाकेवर, आणि हिला दिवसाढवळ्या कुलूप लागतं! झाकण्यासारखं काय आहे घरात?

तुझी,
पुष्पा


अकोले
२ सप्टेंबर २०२५

चि. पुष्पास आशीर्वाद.

कोणी वारलेलं नाही हे वाचून बरं वाटलं. कानाचं म्हणशील तर ते आता असंच राहणार. पेट्रोलची मशीनं कानात काही न घालता चालवली, त्याचं हे फळ.

माझाच बॅटरीचा कटर पाठवतोय. नोकरी सुटताना मालकांनी दिला होता, पण इथं भाताच्या खाचरांना कसलं आलंय कुंपण. आमच्या गावातला सहादेव टेम्पो घेऊन नेवाशाला येतोय, तो आणून देईल. बॅटरी रात्रभर चार्जरला लावून ठेवू नकोस, आणि उन्हात तर अजिबात टाकू नकोस.

आवाज कमी करतो म्हणून त्याला खेळणं समजू नकोस. त्याला दोन मुठी आहेत, दोन्ही दाबल्याशिवाय पातं हलत नाही. ते मुद्दाम केलंय. दोन्ही हात मुठींवर असले की पात्याजवळ जायला हात उरत नाही. एक मूठ सुतळीनं आवळून दुसऱ्या हातानं फांदी धरणारे शहाणे मी पाहिलेत. तसलं काही करू नकोस.

सुरू करायच्या आधी काठीनं कुंपण आतून चाळव. मेंदीत जुनी तार निघते, बुलबुलाचं घरटं निघतं, या दिवसांत सापसुद्धा. पाऊस उघडून पाला वाळेपर्यंत थांब. पदर खोचून भागणार नाही, अंगदची जुनी पँट आणि शर्ट घाल, वस्ती हसली तर हसू दे. चष्मा आणि हातमोजे पिशवीत आहेत. पायात बूट. स्टुलावर चढायचं नाही, जमिनीवरून हात पोचेल तेवढंच.

बाजू आधी, माथा नंतर. बाजूला हात खालून वर न्यायचा. बुडाशी रुंद आणि वर किंचित निमुळतं ठेव, म्हणजे खालच्या पानांना ऊन लागतं आणि कुंपण खालून उघडं पडत नाही. माथ्याला सुतळी ताणून बांध, नाहीतर लाटा उठतील. करंगळीपेक्षा जाड फांदी आली की कटर बाजूला ठेव, तिला करवत. पात्यात काडी अडकली तर आधी बॅटरी काढायची. नुसतं बंद करून चालत नाही. काढायची, खिशात टाकायची, मगच काडीला हात लावायचा. हे पाठ कर.

आता तुझ्या दिराचं. माझ्या बांधाला लागून असलेल्या काकासाहेबानं नांगराचं एकेक तास आत घालत माझी किती जमीन खाल्ली ते तुला ठाऊक आहे. तोही आधी असाच गप्प गप्प राहायला लागला होता. मेंदीच्या बुडाशी हद्दीचा दगड असेल, तो जागेवर आहे का बघून घे.

गोरक्षनाथ


नदीकाठची वस्ती
२१ सप्टेंबर २०२५

ती. दादास नमस्कार.

पाऊस उघडता उघडेना, पण मधे चांगलं ऊन पडलं आणि रस्त्याकडची बाजू मी केली. अंगदची पँट घातली. दूधवाला राम थांबला आणि म्हणाला, "काकू, वळखलंच न्हाई तुमाला." सुरुवातीला पातं भलतीकडंच जात होतं. मग लय सापडली, खालून वर, खालून वर. पाला कसा भुरुभुरु पडतो! मध्येच एकदा हाव सुटली आणि जाड फांदीत पातं घातलं. अडकलं. तुझं पाठ केलेलं आठवलं, बॅटरी काढली, खिशात टाकली, काडी ओढली. माथ्याला सुतळी बांधायचा कंटाळा केला, त्यामुळे फाटकाजवळ एक खड्डा पडलाय. पण आता कुणी शिव्या देत नाही.

मधल्या कुंपणाकडं मी गेलेच नव्हते. काल संध्याकाळी ओसरीवर दळण निवडत होते तर डोळ्यांवर उजेड आला. बघते तर मेंदीत भोक! सुपाएवढं, अगदी माझ्या ओसरीच्या समोर. मी बसते त्या उंचीला. ढोरानं पाडलेलं नाही, कुणीतरी चौकोनी कापून काढलंय. पलीकडचं अंगण दिसतं, तिथली तुळस दिसते. म्हणजे तिकडून मी दिसत असणार.

दगड जागेवर आहे. पण मला तो दगड आता लहान गोष्ट वाटते. माझ्यावर नजर कशाला ठेवायची? मी कोण, काय करते, कोण येतं-जातं, याचं साळूबाईला काय?

पुष्पा


अकोले
२९ सप्टेंबर २०२५

चि. पुष्पास,

दोन कामं कर. कापलेली टोकं बघ. विळ्यानं कापलं असेल तर टोक तिरकं असतं, आणि ज्या बाजूनं ओढलं त्या बाजूला साल सोललेली दिसते. कात्रीनं असेल तर चेपलेलं. दुसरं, कापलेल्या फांद्या कुणाच्या अंगणात पडल्यात?

मला यात चांगलं लक्षण दिसत नाही. अंगद पुण्यात, तू एकटी. तू घरात कधी असतेस आणि कधी नसतेस हे कुणाला तरी हवंय. आधी बघायचं, मग वहिवाट पाडायची, मग म्हणायचं की इथून आमचा रस्ता पहिल्यापासून होता. काकासाहेबानं असंच केलं. भोक आजच बुजव. वाद घालू नकोस, नुसतं बुजव, आणि काय होतं ते बघ.

पात्याला काम झाल्यावर तेलाचे थेंब सोडतेस ना? मेंदीचा चीक धरतो.

गोरक्षनाथ


नदीकाठची वस्ती
१२ ऑक्टोबर २०२५

ती. दादास नमस्कार.

टोकं तिरकी आहेत आणि साल पलीकडं सोललेली. विळा. फांद्या तिकडंच पडल्यात. म्हणजे हे साळूबाईच्या घरातूनच झालंय, यात शंका उरली नाही.

तू सांगितल्यावर मी बाभळीच्या काट्या आणून भोक गच्च बुजवलं. चार दिवस शांत. मग नेवाशाच्या बाजारातून आले तर काट्या उपसून बाजूला रचलेल्या, आणि भोक पहिल्यापेक्षा मोठं.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. आता भोकासमोर एक प्लॅस्टिकची खुर्ची मांडलेली असते आणि तिच्यात आप्पासाहेब भाऊजी बसलेले असतात. दिवसभर. माझ्याकडं तोंड करून. मी हसले, ते हसत नाहीत. मी रागानं बघितलं, नजर हटवत नाहीत. पूर्वी हा माणूस "वैनी" म्हटल्याशिवाय समोरून जात नव्हता. मला ओसरीवर बसायची चोरी झाली. दळण मी आता स्वयंपाकघरात निवडते.

काल धीर करून भोकाजवळ गेले आणि म्हटलं, "भाऊजी, काय पायजे?" उत्तर नाही. तेवढ्यात साळूबाई आतून धावत आली, त्यांच्या खुर्चीमागं उभी राहिली आणि माझ्याकडं अशी बघू लागली की जणू मीच चोरी करताना सापडले. तोंड उघडलं होतं तिनं, काहीतरी बोलणार होती. मी पाठ फिरवली.

त्यांच्या घरात पाहुण्यांची ये-जाही सुरू आहे. पूजाला बघायला येतात म्हणे, ती त्यांची धाकटी, नगरला नोकरी करते. पाहुणे आले की भाऊजींना आतल्या खोलीत नेतात. हेही मी त्या भोकातूनच पाहिलं. म्हणजे बघ, मला पण बघायची सवय लागली.

पुष्पा


अकोले
१७ ऑक्टोबर २०२५

पुष्पे,

बास झालं. बाईमाणसाच्या ओसरीकडं तोंड करून बसणारा दीर मी माझ्या आयुष्यात ऐकला नाही. पाहुण्यांसमोर त्याला आत ठेवतात म्हणजे त्यांनाही लाज आहे.

काट्यांनी भागणार नाही. घरावर टाकून उरलेला पत्रा असेल, तो तुझ्या बाजूनं उभा कर आणि तारेनं बुडख्यांना आवळ. तार बांधलीस हे लक्षात ठेव, पुढं तिथं कटर चालवशील तेव्हा पातं तारेवर गेलं तर दात तुटतील. आणि कुणी पत्र्याला हात लावला तर सरळ पोलीस पाटलाला सांग. नात्याची भीड ठेवू नकोस.

दिवाळीला येता येणार नाही, भात काढणीला आलाय.

गोरक्षनाथ


अकोले
१८ नोव्हेंबर २०२५

चि. पुष्पास,

दिवाळी होऊन गेली, तुझं पत्र नाही. अंगदला सहादेवकडून फोन करवला तर तो म्हणाला, "मामाला सांग, आई... आई ठीक आहे, ती लिहील." आई म्हणून मध्येच अडला. घाबरलेला माणूस असा अडखळतो. तुला कटर लागला का? हात शाबूत आहेत ना? का त्या लोकांनी काही केलं? दोन ओळी लिही, नाहीतर मी एसटीत बसतो.

गोरक्षनाथ


नदीकाठची वस्ती
२४ नोव्हेंबर २०२५

ती. दादास नमस्कार.

हात शाबूत आहेत, ओरबाडलेत तेवढे. पेन धरवत नव्हतं, आणि लिहायचं काय तेही कळत नव्हतं. आता सगळं सांगते.

पत्रा मी दिवाळीनंतर लावला. तारेनं घट्ट आवळला. त्या दिवशी बरं वाटलं, ओसरी पुन्हा माझी झाली. पुढच्या दिवशी सकाळी साळूबाई कापूस वेचायला गेली, फाटकाला कुलूप घातल्याचा आवाज मी ऐकला. मी ओसरीवर बाजरी पाखडत होते. पलीकडं भांडं पडल्याचा आवाज झाला. मनात म्हटलं, पडू दे. मग खुर्ची फरशीवर आपटावी तसा आवाज यायला लागला. खडखड, खडखड, एकसारखा. मला वाटलं, पत्र्याचा राग काढतायत. दादा, मी पाखडत राहिले. सूप भरून झालं तरी पाखडत राहिले.

मग आवाज थांबला आणि घरघर ऐकू आली. जनावराला फास लागल्यावर येते तशी. सूप टाकलं आणि उठले.

फाटकाकडं गेले तर कुलूप. भिंत माझ्यानं चढवेना. हाका मारल्या, पण बायामाणसं सगळी कापसात, गडी ऊसतोडीला. परत येऊन तार सोडली, पत्रा ढकलला. भोकातून पाहिलं तर भाऊजी तोंडावर पडलेले, खुर्ची अंगावर, आणि पाय ताठ होऊन झटके देत होते.

भोकातून डोकं जाई, खांदे अडकत. कटर आणला. ना चष्मा घातला ना मोजे, तेवढा धीर नव्हता. बारीक फांद्या भराभर गेल्या, मग मधला जुना फाटा आला, मनगटाएवढा. मी वेड्यासारखं पातं त्यातच घातलं. कटर गुरगुरला आणि अडकला. ओढून निघेना. माझी बोटं पात्यापाशी गेली होती. दुसरी मूठ अजून माझ्या कोपरानं दाबलेली होती की नाही, ते मला आज सांगता येणार नाही. काय सुचलं कोण जाणे, हात मागं घेतला, बॅटरी उपसली, फेकून दिली. मग करवतीनं फाटा कापला आणि मेंदीतून सरपटत पलीकडं गेले.

त्यांच्या तोंडातून फेस आला होता, ओकारी झाली होती. खुर्ची बाजूला केली, त्यांना कुशीवर वळवलं, तोंड पुसून मोकळं केलं. घरघर कमी झाली. आणि दादा, ते माझ्याकडंच बघत होते, अगदी तेच बघणं. तेव्हा मला कळलं की त्या डोळ्यांना समोरचं काही पोचतच नाही.

राम दुधाच्या किटल्या घेऊन रस्त्यानं चालला होता, माझी हाक त्याला ऐकू गेली. त्यानं टेम्पो आणला, कुलूप दगडानं फोडलं. तेवढ्यात साळूबाई पळत आली. इतक्या वर्षांनी माझ्याशी पहिला शब्द बोलली तो हा, "तुमी आत कशा आल्या?" मग तिनं खाली पाहिलं आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

नेवाशाच्या दवाखान्यातल्या बाकावर तिनं सांगितलं. उन्हाळ्यात भाऊजींच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली होती. मुलाकडं राहायला गेलो म्हणून सगळ्यांना सांगितलं ते खोटं, पुण्याला दवाखान्यात होते. जीव वाचला, पण बोलणं गेलं, उजव्या अंगाचं दिसेनासं झालं आणि मधूनच झटके येतात. पूजाची बोलणी चालू होती. मुलीच्या बापाला फिट येते म्हटल्यावर पाहुणे वळतील, म्हणून घर मिटून घेतलं. पण कापूस तर वेचायला हवा. त्यांना बांधून ठेवावं तर मन होईना, खोलीत कोंडलं तर भिंतीवर डोकं आपटतात.

मी विचारलं, "मग ते भोक?"

ती म्हणाली, "तुमी सकाळधरनं दुपारपत्तुर वसरीवर असता, ताई. म्हनलं, पडले तर तुमची नजर जाईल. मागायला तोंड न्हवतं. त्या दिवशी बोलनार हुते, तुमी पाठ फिरवली. मग काल पत्रा दिसला. लई रडले, पर कापूस तसाच सोडून कशी बसू?"

मी तिला पाखडत राहिल्याचं सांगितलेलं नाही. तुलाच लिहिते आहे.

पुष्पा


अकोले
३ डिसेंबर २०२५

चि. पुष्पास,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पत्रा लाव म्हणून मीच लिहिलं होतं. पाखडत राहिलीस त्याचं मनाला लावून घेऊ नकोस, तुझ्या कानात माझंच बोलणं घुमत होतं.

कटरला आता लगेच हात लावू नकोस. जाड फाट्यात अडकला म्हणजे दात वाकले असतील. बॅटरी फेकलीस ती फुगली किंवा तडकली असेल तर पुन्हा चार्जरला लावायची नाही, घरातही ठेवू नकोस. सहादेवच्या हाती दोन्ही पाठव.

तरीही एक म्हणतो, रागावू नकोस. आता कुंपणाला माणूस जाईल एवढी वाट पडलीय. आज ती माणुसकीची आहे. उद्या भाऊजी राहिले न राहिले, त्यांचा मुलगा येईल आणि म्हणेल, ही आमची वहिवाट. माणूस बदलतो, माझ्यासमोर बदललाय. दगडाचा फोटो काढून अंगदकडं ठेव. आणि पूजाचं मोडलं तर दोष तुझ्यावर येईल, टेम्पो तू आणवलास. सावध राहा.

गोरक्षनाथ


नदीकाठची वस्ती
११ जानेवारी २०२६

ती. दादास नमस्कार.

पूजाचं मोडलं. तू म्हणालास तसंच. टेम्पो सगळ्या वस्तीसमोरून गेला, बातमी पाहुण्यांपर्यंत पोचली. मुलाची आई माझ्याकडं आली, चहा घेतला, आणि हळूच म्हणाली, "तुमी शेजारच्या. खरं सांगा, पहिल्यापासून हाय का हे त्यांना? घरान्यात कुनाला हाय?" खोटं बोलावं तर पुढं त्या पोरीला सासरी छळतील, खरं बोलावं तर आत्ताच मोडेल. तेवढ्यात मेंदीतून पूजाच आली. म्हणाली, "काकूंना कशाला विचारता? बाबांना उन्हाळ्यापासून झटके येतात. औषध चालू आहे. लग्न झाल्यावरही मी दर आठवड्याला त्यांना बघायला येणार." बाई कळवते म्हणून गेल्या आणि कळवलं नाही.

साळूबाई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, झालं, दादाचं खरं ठरलं. मग एका सकाळी ती मेंदीच्या वाटेत येऊन उभी राहिली. म्हणाली, "ताई, पोरगी रात्री पोटभर जेवली. किती महिन्यांनी. म्हनाली, बाबांना लपवून मला नांदायचं न्हवतं." आणि पुढं म्हणाली, "कापसाची शेवटची वेचनी राहिली हाय. बसता का यांच्याजवळ?"

तेव्हापासून सकाळी मी बसते. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्यात, दवाखान्यातून आल्यापासून झटका आलेला नाही. दवाखान्यातली एक पोरगी येऊन त्यांच्याकडून बोलायचा सराव करून घेते. सहादेवनं दुरुस्त करून आणलेल्या कटरनं मी मधली मेंदी कमरेइतकी खाली घेतली, या वेळी सुतळी बांधून. साळूबाईनं पाला गोळा केला. तिला पण चालवायचा आहे, आधी बूट घे म्हटलंय.

दगडाचा फोटो मी काढलेला नाही. तुझ्या बांधाचं जे झालं ते खरं आहे आणि तुझी भीतीही खोटी नाही. पुढं या वाटेवरून भांडण होईलही. झालं तर अंगद आणि भाऊजींचा मुलगा बघून घेतील.

हे पत्र मी पलीकडच्या अंगणात, भाऊजींच्या खुर्चीशेजारी बसून लिहिते आहे. त्यांना दिसतं त्या अंगाला मी बसते. मगापासून ते माझ्या हाताकडं बघत होते. आत्ता ओठ हलवले, बराच वेळ जुळवाजुळव केली आणि म्हणाले, "वैनी... कुनाला?"

मी म्हटलं, "अकोल्याला. आमच्या गोरक्षनाथदादाला."

पुन्हा ओठ हलले. मी थांबले. त्यांनी दोन्ही हात जोडायचा प्रयत्न केला, उजवा वर येईना, मग डावाच कपाळाला लावला आणि म्हणाले, "माजा... पन... लिवा."

तर दादा, आप्पासाहेबांचा तुला नमस्कार.